रेसिडेंट एव्हिल २ रिमेक: जुन्या खेळाडूंनी कसा खेळायचा

रेसिडेंट एव्हिल २ या झॉम्बींच्या हॉरर व्हिडिओ गेमचा १९९८ चा ओरिजिनल पाठ असेल तरी २०१९ च्या रिमेकमध्ये त्या भरवशावर राहू नका, रॅकून सिटीचं पोलीस स्टेशन तेच आहे पण कॅमेरा आता खांद्यामागे आलाय आणि कोड्यांची मांडणी बदललीय. पहिल्यांदा स्टँडर्ड या मधल्या लेव्हलवरच खेळा, हार्डकोर या अवघड लेव्हलमध्ये सेव्ह करायला इंक रिबन ही मोजकीच मिळणारी वस्तू लागते, उगाच हौस नको.

झॉम्बी दिसला की लगेच डोक्यात गोळ्या घालत बसू नका, पायावर मारा, पाडा आणि बाजूने सटका. गोळ्या मोजक्याच असतात हो. ज्या कॉरिडॉरमधून सारखं जायचंय तिथल्या खिडक्यांना आधी फळ्या ठोका. मॅपवर खोली लाल म्हणजे काहीतरी राहिलंय, निळी झाली की विषय संपला.

लिकर हा लांब जिभेचा राक्षस आंधळा असतो, त्याच्या शेजारून अगदी हळू चालत गेलात तर काही करत नाही, पळालात की मेलात.

आणि मिस्टर एक्स, तो पाठलाग करणारा धिप्पाड राक्षस! ओरिजिनलमध्ये हा फक्त दुसऱ्या सिनॅरिओत (म्हणजे दुसऱ्या पात्राने पुन्हा खेळताना) यायचा, इथे पहिल्याच रनमध्ये मागे लागतो आणि मरत नाही. हेडफोन लावा, बुटांचा धाडधाड आवाज कुठून येतोय ते ऐका आणि उलट्या दिशेने निघा.