चार्ट सहाचा, नंबर साडेदहाचा

अमळनेरकडचा एक मुलगा पोलीस भरतीच्या 1600 मीटरची तयारी करत होता. मी आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि पहिला खराखुरा चार्ट त्याच्यासाठी लिहिला. चाचणी सकाळी सहाची, म्हणून रात्री वरण-भात आणि पहाटे साडेचारला दोन केळी. त्याचा नंबर लागला साडेदहाला. तोवर पोटात काही नाही, डोक्यावर ऊन. तिसऱ्या फेरीत तो डगमगला.

"ताई, पाय चांगला व्हतात, डोकंच फिरी गयं," तो नंतर म्हणाला.

त्याचे गुण गेले, पण माझा राहिलेला धडा त्या वाक्यात होता. स्नायूंत साधारण 300 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवून ठेवलेली साखर, असतं, यकृतात शंभरेक ग्रॅम. स्नायूतला साठा त्या स्नायूपुरताच. तो ग्लुकोज म्हणून रक्तात सोडायला लागणारं एन्झाइम स्नायूकडे नसतं. मेंदूला साखर पुरवायची ती यकृताने, आणि पोट रिकामं राहिलं की आटत जातो तो यकृताचाच साठा. पाय भरलेले आणि डोकं रिकामं, असं खरंच होऊ शकतं. उन्हाचा आणि तहानेचा वाटा होताच. हे सगळं मी परीक्षेत लिहून आले होते, चार्टमध्ये मात्र उतरलं नव्हतं.

क्रीडा पोषणाच्या या क्षेत्रात येणाऱ्यांनी म्हणून ऊर्जेचे मार्ग मैदानावर उभं राहून शिकावेत. गोळाफेक आणि 100 मीटर म्हणजे मुख्यतः क्रिएटिन फॉस्फेटचा, स्नायूतल्या झटपट ऊर्जेच्या साठ्याचा खेळ, दहा-बारा सेकंदांत आटपणारा. 1600 मीटरला पाच-सहा मिनिटं लागतात, आणि त्यात मोठा भार ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेवर असतो. एवढ्या वेळात स्नायूतलं ग्लायकोजेन संपत नाही. त्यामुळे 'आदल्या दिवशी भात हाणा' हा सल्ला भरतीच्या पोरांना फुकटचा. त्यामागचा प्रयोग मात्र मजेशीर आहे. 1966 साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोन शास्त्रज्ञांनी एकाच सायकलवर दोन्ही बाजूंना बसून एकेका पायाने पॅडल मारलं, मग काही दिवस पिष्टमय आहार घेतला. थकवलेल्या पायात आराम केलेल्या पायापेक्षा कितीतरी जास्त ग्लायकोजेन साठलं. याचा उपयोग दीड तासाच्या वर पळणाऱ्यांना.

अभ्यासाला लागलात की एक छोटा वजनकाटा घ्या आणि आईची भाकरी तोला. 'एक भाकरी' हे आमच्याकडे माप नाहीच. घराघरात आकार वेगळा. कळण्याच्या भाकरीत ज्वारीतली लायसिनची, म्हणजे प्रोटीनच्या एका घटकाची, कमतरता उडीद भरून काढतो, म्हणून सरावाच्या दिवशी रात्री ती खुशाल खावी. चाचणीच्या सकाळी मात्र तिचा तंतू आणि शेवभाजीची तर्री दोन्ही पोटात रेंगाळतात.

पाण्याचं गणितही काट्यावरच कळतं. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर घाम गेला. 60 किलोच्या मुलाचं 1.2 किलो उतरलं की घामापोटी शरीराचं वजन दोन टक्क्यांनी घटलं, आणि पळणं जड व्हायला लागतं. मे महिन्यातल्या जळगावात हे व्हायला वेळ लागत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात: गृहविज्ञान किंवा पोषणशास्त्रात बी.एस्सी., मग एम.एस्सी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत क्रीडा पोषणाचं एम.एस्सी. आहे. पगाराचं खरं सांगायचं तर इकडे नुसत्या खेळाडूंवर घर चालत नाही. माझी दुपार डायबेटिसच्या पेशंटमध्ये जाते, मैदान सकाळी.

आणि पावडरचा प्रश्न रोज येणार. 60 किलोच्या मुलाला दिवसाला 70 ते 95 ग्रॅम प्रोटीन बहुतेक वेळा पुरतं. डाळ, दूध, अंडी, शेंगदाण्यांत ते बसवता येतं. डब्यात बंदी असलेला पदार्थ निघाला तर जबाबदार खेळाडूच धरला जातो, म्हणून मी कुठल्याही डब्याचं नाव चार्टवर लिहीत नाही.

तो मुलगा पुढच्या भरतीला आला तेव्हा चार्टवर घड्याळाची वेळ एकच होती, उठायची. खाली लिहिलं होतं: रांगेत दर दीड तासाने अर्धं केळं नाहीतर राजगिऱ्याचा एक लाडू, वर घोट घोट पाणी. त्याच्या आईने पिशवीत पाच लाडू भरले. तीन परत आले.