सोलापुरात अलामांडा लावताना: ऊन नव्हे, चुनखडी सांभाळा

पिवळ्याधमक, कर्ण्यासारख्या फुलांची अलामांडा ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. तरी पाणी वेळेवर मिळालं तर सोलापूरचा ४२-४३ अंशांचा मे ती निभावून नेते. इथे तिला खरा त्रास होतो तो काळ्या मातीतल्या चुनखडीचा आणि बोअरच्या जड पाण्याचा. म्हणून सगळ्यात जास्त मेहनत खड्ड्यावर घ्या.

जागा किमान सहा तास उन्हाची हवी. सावलीत नुसती पानं वाढतात. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. भिंतीलगत खोदताना प्लास्टर, सिमेंट, विटांचे तुकडे निघतात. ते सगळे वेचून बाहेर टाका, कारण प्लास्टर-सिमेंट म्हणजे तोही चुनाच. भरताना दोन भाग काळी माती, दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत, वर अर्धा किलो निंबोळी पेंड आणि १०० ग्रॅम शेतीचं गंधक. तळाला खडी घालायची पद्धत आहे, पण चिकण जमिनीत असा खड्डा म्हणजे हौदच. पावसाळ्यात मुळं सडतात. त्यापेक्षा रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट उंचवट्यावर लावा.

ही वेल स्वतः धरून चढत नाही. तिला आधार पकडणारे तणावे नाहीत, पिळेही नीट पडत नाहीत. भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून दीड-दीड फुटावर आडव्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारा ओढा आणि फांद्या इंग्रजी आठाच्या सैल गाठीने बांधा. सुतळी चालते, जुन्या सोलापुरी चादरीच्या पट्ट्या त्याहून बऱ्या, खोडात रुतत नाहीत.

पहिल्या उन्हाळ्यात दिवसाआड दहा लिटर पाणी, पुढे जम बसल्यावर आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर. बुंध्याभोवती तीन-चार इंच उसाचं पाचट पसरा, पण खोडापासून वीतभर लांब. नाहीतर वाळवी थेट खोडाला लागते. नळाचं पाणी काही दिवसांआड येतं म्हणून अनेकजण आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणी झाडांना घालतात. या वेलीला घालू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात. पावसाचं साठवलेलं किंवा एसीचं पाणी उत्तम.

आता पिवळेपणाचं. कोवळं पान पिवळं आणि त्याच्या शिरा मात्र हिरव्या, जाळी रेखल्यासारख्या, असं दिसलं की लोह कमी पडतंय. जमिनीत लोह असतं, चुनखडीमुळे मुळांना उचलता येत नाही. अशा वेळी युरिया टाकून काही होत नाही. तातडीचा उपाय म्हणून लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. फरशीवर पडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. मुळाशी द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, घेताना पुडीवरची अक्षरं वाचा: ईडीडीएचए (EDDHA) हवं. स्वस्तातलं ईडीटीए (EDTA) चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. एका वेलीला दहा ग्रॅम, भरपूर पाण्यातून. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी आहे. माती ओली असून सगळीच पानं मलूल झाली तर पाणी थांबवा.

छाटणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून गेल्या वर्षीच्या फांद्या दोन-तीन पेरं ठेवून बिनधास्त कापा. नवी फूट हातभर झाली की शेंडा खुडा. हातमोजे घाला, पांढरा चीक कातडीला खाजवतो, डोळ्यात गेला तर फार वाईट. कण्हेरीच्या कुळातली ही वेल सर्वांगाने विषारी आहे, तेव्हा छाटलेल्या फांद्या शेळ्यांपुढे टाकू नका.

एप्रिल-मेमध्ये पानांखाली बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. आधी पाण्याच्या जोरदार धारेने पानांची खालची बाजू धुवा. तेवढ्याने नाही गेला तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, ऊन उतरल्यावर.