कडक रानात रोटाव्हेटर आधी नको

जमीन दगडासारखी झाली असेल तर छोट्या ट्रॅक्टरने थेट रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) घालू नका. पाती वर उड्या मारतात, ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो आणि माती फक्त वरवर खरवडली जाते. आधी वापसा, म्हणजे मशागतीला योग्य इतकीच ओल आहे का, ते पाहा. मातीचा गोळा मुठीत दाबा; बोटाने टोचल्यावर तो फुटला तर काम सुरू करा, चिकटून राहिला तर थांबा. ओल्यात चालवलेल्या चाकांनी जमीन आणखी दबते.

पहिली पाळी कल्टिव्हेटरने (दातांनी माती उकरणारं अवजार), लो गिअरमध्ये आणि उथळ. दुसरी आडवी, थोडी खोल. एकाच फेरीत पूर्ण खोली गाठायचा हट्ट छोट्या इंजिनाला झेपत नाही, चाकं नुसती जागेवर फिरतात. ढेकळं सुटली की मग रोटाव्हेटर.

तणाचं मात्र आधी ओळखून घ्या. बियांपासून उगवणारं तण कोवळं असताना उथळ पाळीने सहज मरतं. खोल गेलात तर खालचं बी वर येऊन नवी उगवण होते. हराळी आणि लव्हाळा असेल तर रोटाव्हेटर शत्रूच समजा, कारण हराळीच्या डोळा असलेल्या प्रत्येक तुकड्याला फुटवा येतो आणि लव्हाळ्याच्या गाठी रानभर पसरतात. अशा ठिकाणी कल्टिव्हेटरने काश्या (हराळीची जमिनीखालची खोडं) ओढून वर काढा, कडक उन्हात वाळू द्या, उरलेल्या वेचून बांधाबाहेर टाका.

पात्यांत मुळं गुंडाळली तर पीटीओ (ट्रॅक्टरचा अवजार फिरवणारा दांडा) आणि इंजिन दोन्ही बंद केल्याशिवाय हात घालू नका.