शेणखत उकरताना वाळा निघाला तर

मृगाआधी शेणखत शेतात टाकायची घाई सुरू झाली की दरवर्षी तोच प्रकार. उकिरड्यात दाताळं मारलं की काळपट, चकचकीत, सुतळीएवढं काहीतरी वळवळत बाहेर येतं. कोणी म्हणतं गांडूळ, कोणी म्हणतं नागाचं पिल्लू, आणि फावडं खाली येतं. मरतो तो बहुतेक वेळा वाळा.

हा सापच आहे, पण बिनविषारी. लांबी साधारण वीतभर, तोंड इतकं बारीक की माणसाला चावताच येत नाही. डोळ्यांवर खवले असल्यानं त्यांच्या जागी नुसते काळे ठिपके दिसतात. हातात धरला तर शेपटीचं टोक टोचतं. तो डंख नव्हे, तिथं बारीक काटा असतो. कानात शिरतो ही निव्वळ अफवा. गांडुळाचं अंग ओलं, वळ्यावळ्यांचं असतं, ते आखडतं आणि ताणतं. वाळा कोरडा, गुळगुळीत असतो, नागमोडी पळतो आणि मध्येच जीभ बाहेर काढतो.

यात नर नसतातच. सगळ्या माद्या, आणि नराशिवाय अंडी घालतात. म्हणून कलमांच्या कुंडीतून एखादी मादी गेली तरी नव्या जागी वंश वाढतो. असाच तो जगभर पोचला आहे.

याचा एक भाऊबंद आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही: चंचुवाळा. नाकाड पोपटाच्या चोचीसारखं पुढं आलेलं, लांबी दोन फुटांपर्यंत. भारतीय द्वीपकल्पाबाहेर तो कुठंच सापडत नाही. नांगरटीत किंवा खड्डे घेताना निघाला की लोक त्याला मांडुळाचं पिल्लू समजतात. तोही निरुपद्रवी.

वाळ्याचं खाणं म्हणजे मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या, कोष. गांडूळखताच्या बेडमध्ये दिसला तर गांडुळं संपवेल म्हणून घाबरू नका. पण वाळवी तो एकटा आटोक्यात आणेल असंही नाही, आणि हुमणीची अळी त्याच्या तोंडात मावत नाही. त्यासाठी खत पूर्ण कुजलेलंच वापरा. अर्धवट कुजलेल्या खतावर दोन्ही किडी येतात.

खरी काळजी वेगळीच आहे. त्याच ढिगात नाग, घोणस, मण्यारही असू शकतात. हातानं खत उपसू नका, लांब दांड्याचं दाताळं वापरा, पायात गमबूट घाला, अंधार पडल्यावर ढीग हलवू नका. अंगावर पांढरे आडवे पट्टे किंवा डोळे स्पष्ट दिसणारा साप कितीही लहान असला तरी दूर राहा. मण्यारीचं पिल्लूही विषारीच असतं. ओळख पटत नसेल तर विषारी समजूनच वागा. कोणताही साप चावला तर बांधणं, कापणं, मांत्रिक काही नको. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

वाळाच असल्याची खात्री पटली तर घमेल्यात मातीसकट उचला आणि बांधाच्या सावलीत ओल्या मातीवर सोडा. उन्हात टाकू नका, तो लगेच सुकून मरतो. रोपवाटिकेत पिशव्या हलवताना तळाशी बारीक, लांबट पांढरी अंडी दिसली, तर त्या पिशव्या थोडे दिवस तशाच राहू द्या.