कॉम्प्रेशन कमी दाखवतंय? हेड उघडायच्या आधी या चुका टाळा

९५, १०५, १००, ९०. माझ्या १९६९च्या एमजीबीच्या चार सिलिंडरच्या कॉम्प्रेशन टेस्टचे (प्लगच्या जागी गेज लावून, सेल्फवर इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडर किती दाब देतो ते मोजायचं) हे पहिले आकडे, पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचाला पौंडात, एका वहीच्या मागच्या पानावर अजून लिहिलेले आहेत. ते बघून मी त्याच रात्री पिस्टनच्या रिंगांचा सेट आणि हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधला दाब अडवणारा पत्रा) ऑर्डर करून मोकळा झालो. गाडी तशी बरी चालत होती, धूर नाही, ऑइल खात नाही, पण गेजवर आकडा दिसला की माणूस गाडीचं ऐकणं सोडतो. पुढच्या रविवारी शेजारचे आजोबा आले (मी इंग्लंडात राहतो, आणि यांची आख्खी हयात गॅरेजात गेलीये), वही बघितली आणि एकच विचारलं, टेस्ट करताना रेस कोण दाबून बसलं होतं? कोणीच नाही, मी एकटाच होतो, गेज लावायचा आणि जाऊन चावी फिरवायची. परत केली. १५५, १६०, १५५, १५०. रिंगांचा डबा आजही माळ्यावर पडलाय.

एमजी म्हटलं की आता आपल्याकडे हेक्टर डोळ्यासमोर येते, पण ही जुनी दोन सीटची, ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० बनलेली. १७९८ सीसी, लोखंडी ब्लॉक, लोखंडीच हेड, दोन एसयू कार्बोरेटर. इंजिन बैलासारखं आहे, सहज मरत नाही, म्हणून आकडे वाईट आले तर आधी स्वतःवर शंका घ्या आणि मग इंजिनावर.

तर चूक पहिली, थ्रॉटल, म्हणजे रेस दाबली की उघडणारी हवेची झडप, बंद ठेवून टेस्ट. सिलिंडरला हवाच मिळाली नाही तर तो दाबणार काय? कोणालातरी आत बसवा, रेस पूर्ण दाबून धरायला सांगा. आणि एसयूमध्ये अजून एक भानगड आहे. त्याच्या आत एक पिस्टन असतो, तो हवेच्या ओढीनुसार वर उचलला जातो, पण नुसत्या सेल्फवर इंजिन इतकं हळू फिरतं की तो धड उचलला जात नाही आणि थ्रॉटल उघडा असूनही वाट अरुंदच राहते. एअर क्लीनर काढा, बोटाने पिस्टन वर करा आणि खाली लाकडाची छोटी पट्टी अडकवा, लोखंडी काही नको, ओरखडा पडला तर नवीन डोकेदुखी. पट्ट्या काढायच्या विसरू नये म्हणून मी स्टिअरिंगला लाल फडकं बांधून ठेवतो. चोक पूर्ण आत, नाहीतर पेट्रोल बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या नळीत, उतरतं, भिंतीवरचं ऑइल धुऊन निघतं आणि आकडा अजून पडतो.

थंड इंजिनावर टेस्ट करणं ही दुसरी. दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा, मग गरम असतानाच प्लग काढा. पण त्याच्याही आधी, म्हणजे आदल्या दिवशी वगैरे, गाडी थंड असताना टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधला गॅप, तपासा, हे बहुतेक लोक करतच नाहीत. थंड इंजिनाला गॅप ०.०१५ इंच. एकूण आठ वॉल्व्ह, त्यामुळे नऊचा हिशेब चालतो, आठवा पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सातवा उघडा तेव्हा दुसरा, बेरीज नऊ आली पाहिजे बस. टॅपेट घट्ट असेल तर वॉल्व्ह सीटवर (हेडमधली त्याची बसायची कड) पूर्ण बसतच नाही, दाब निसटतो, आणि तुम्ही रिंगांच्या नावाने बोटं मोडत बसता. ब्रिटनमध्ये शिसं असलेलं पेट्रोल २००० सालच्या १ जानेवारीपासून सर्रास विकणं बंद झालं, आणि ज्या जुन्या हेडमध्ये कडक सीट बसवलेल्या नाहीत त्यांच्या एक्झॉस्ट सीट अनलेडेडवर हळूहळू झिजतात, वॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप आपोआप कमी होत जातो. त्यामुळे मागच्या वर्षी सेट केलेत म्हणून आज ठीक असतीलच असं नाही.

प्लग एकेक करून काढणारेही भेटतात, म्हणजे पहिला काढला, टेस्ट केली, परत लावला, मग दुसरा. अरे बाबांनो, बाकीचे तीन सिलिंडर दाब देत असताना सेल्फ काय वेगाने फिरणार! चारही काढा. काढायच्या आधी प्लगच्या खोबणीतली माती हवेने उडवा, नाहीतर सगळी आत. आणि इग्निशन तोडायला विसरू नका, कॉइलवरची पांढरी वायर काढून बाजूला ठेवा. प्लगच्या उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि तिथेच हाय टेन्शनची ठिणगी उडत असेल तर काय होईल हे सांगायला नको, शिवाय ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइलही बसू शकते. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला.

आता बॅटरी. माझे आकडे परत बघा, शेवटचा सिलिंडर दोन्ही वेळा सगळ्यात कमी. मी मनातल्या मनात चौथ्याला आजारी ठरवलं होतं. या गाडीत सीटच्या मागे खाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, मधली जोडवायर गंजते, दर टेस्टला सेल्फ थोडा मंद होत जातो आणि शेवटी ज्याचा नंबर येतो त्याच्या कपाळी कमी आकडा. आजोबांची युक्ती साधी, चार झाले की परत एक नंबरवर या. तो पहिल्यापेक्षा खाली आला तर दोष बॅटरीचा. माझा १५५ चा १४५ झाला होता. चार्जर लावून उलट्या क्रमाने केलं तर चौथाही १५५. प्रत्येकाला दाबाचे झटके सारखेच द्या, मी सहा मोजतो, एकाला चार आणि एकाला दहा असं नको.

गेजबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे मी पैसे घालवलेत. रबरी शंकूचा हाताने दाबून धरायचा गेज येतो, तो घाईत ठीक, पण हात जरा तिरका झाला की दाब सुटतो. आट्यांचा घ्या, १४ मिमीचा, हाताने आवळा, पाना लावू नका, आणि रबरी रिंग फाटलेली नाही ना ते बघा. एवढं करूनही माझा स्वस्तातला गेज सगळे आकडे कमी दाखवायचा, उसना आणलेला बरोबर दाखवायचा, डोकं फिरायची पाळी. शेवटी पाईप उघडून पाहिला तर दाब अडवून धरणारा छोटा वॉल्व्ह गेजच्या बाजूला बसवलेला. तो इंजिनाच्या टोकाला, अगदी आट्यांजवळ पाहिजे, नाहीतर आख्ख्या पाईपची पोकळी सिलिंडरच्या जागेत धरली जाते आणि दाब तेवढा विरळ होतो. आणि तो वॉल्व्ह हरवला म्हणून टायरच्या ट्यूबमधला काढून बसवू नका, दिसतो सेम पण त्याची स्प्रिंग कडक असते, ती उघडायलाच थोडा दाब खर्च होतो.

ऑइल टाकून दुसरी टेस्ट करतात ती चांगली आहे पण ओतताना हात आवरा. एका सिलिंडरचे साधारण ४५० सीसी, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची) ८.८, म्हणजे पिस्टन अगदी वर आल्यावर उरते ती जागा ५८ सीसीच्या आसपास. चमचाभर, म्हणजे ५ मिली टाकलंत तर रेशो साडेनऊवर जातो, चालेल. पण चार चमचे ओतलेत तर तो १३ च्या घरात! मग आकडा वाढला तो रिंगांमुळे नाही, जागाच तुम्ही ऑइलने भरलीत म्हणून. चमचाभर टाका, गेज न लावता दोन-चार फेरे फिरवा, मग मोजा. चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर, हलला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट.

आकडे वाचताना लोक ८.८ गुणिले १४.७ (बाहेरच्या हवेचा दाब, पीएसआयमध्ये) करून १२९ काढतात आणि तेवढे आले की खूश. तसं नसतं हो. दाबताना हवा तापते त्यामुळे दाब वाढतो, आणि इनटेक वॉल्व्ह उशिरा बंद होतो त्यामुळे थोडा घटतो, या ओढाताणीत निरोगी इंजिन १५० ते १७० मध्ये कुठेतरी दाखवतं. पण मी नेमक्या आकड्यापेक्षा चौघांमधला फरक बघतो, दहा टक्क्यांच्या आत असेल तर गाडी काढा आणि फिरायला जा. शेजारशेजारचे दोन, म्हणजे २ आणि ३ वगैरे, एकदम पडलेले असतील तर मधलं गॅस्केट गेलंय. एकटाच पडला असेल तर बहुतेक वॉल्व्ह. चारही सारखेच कमी असतील तर वर लिहिलेलं सगळं परत वाचा, आणि आधीच्या मालकाने रेसिंगचा कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकलाय का तेही विचारा, त्यानेही सेल्फवरचा आकडा खाली येतो.

एवढं सगळं नीट झाल्यावर त्या रविवारी मी प्लग लावले, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ दोनदा तपासली, पट्ट्या काढल्या, लाल फडकं सोडलं आणि चावी फिरवली. सेल्फ फिरतोय, गाडी काही घेईना. पाच मिनिटं मारून मारून बॅटरी परत बसली. आजोबा चहाचा कप घेऊन कुंपणापलीकडून बघत होते, काही बोलले नाहीत, नुसतं बोट दाखवलं. कॉइलशेजारी पांढरी वायर लोंबत होती.