नर कुत्र्याच्या पोटावरील गाठ: गोचीड समजून ओढू नका

स्तनाचा कर्करोग मादीलाच होतो हा समज पुरता खरा नाही; नर कुत्र्याच्याही छातीपासून जांघेपर्यंत दोन ओळींत लहान स्तनाग्रे असतात आणि त्यांखाली क्वचित गाठ धरते. कपाशीच्या वावरात राखणीला असलेल्या कुत्र्याच्या गोचिडी काढताना त्याला आडवे निजवून दोन्ही ओळी बोटांनी चाचपाव्यात. गोचिडीचे पाय दिसतात. स्तनाग्र मात्र कातडीचाच भाग असते, आणि त्याखाली तुरीच्या दाण्याएवढे टणक काही लागल्यास तारीख व आकार लिहून ठेवून त्याच आठवड्यात पशुवैद्यकाला दाखवावे. गाठीवर बिब्बा लावू नये (आपल्याकडे अजूनही कोणीतरी हे सुचवतोच), कारण त्याने कातडी भाजते आणि तपासणी अवघड होते. पशुवैद्यक बारीक सुईने पेशी काढून तपासतात, गरज वाटल्यास छातीचा एक्स-रे सांगतात. गाठ लहान असताना शस्त्रक्रिया सोपी जाते. अनेक स्तनाग्रे एकदम सुजलेली दिसली तर वृषणेही तपासून घ्यावीत, कारण पोटात अडकून राहिलेल्या वृषणातील गाठ कधी कधी मादीचे संप्रेरक स्रवते. जवळच्या दवाखान्यात सोय नसेल, तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे.