मानेत गाठ आलीय पण दुखत नाही? मग हे करा

आमच्याकडं मानेत गाठ आली की कोणीतरी लेप लावायला सांगतं, नाहीतर "सोयाबीन निघू द्या, मग बघू" म्हणत महिने जातात. तसं करू नका, अशी गाठ घशाच्या कॅन्सरची खूण असू शकते. गाठ, गिळताना त्रास, एकाच कानात दुखणं, यातलं काही तीन आठवड्यांत गेलं नाही तर सरळ कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठा, लातूर-नांदेडला आहेत आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहेच.

"मी तंबाखू खात नाही, मला काय होतंय" हे डोक्यातून काढा. आपल्याकडं तंबाखू-गुटखाच मोठं कारण, खरंय, पण एचपीव्ही व्हायरसमुळं पण टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी कॅन्सर होतो, जास्त करून त्याच्या १६ नंबरच्या प्रकारानं. तो मुख्यतः तोंडावाटे संबंधातून येतो, एका ताटात जेवल्यानं नाही, बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो, काहींच्यात राहतो आणि कॅन्सर व्हायला पुढं कित्येक वर्षं लागतात, म्हणून नवराबायकोनं एकमेकांवर संशय घेऊन भांडू नका, कळकळीनं सांगतोय.

गाठीची सुईनं तपासणी होते, मग घशातला तुकडा घेतात. कॅन्सर निघालाच तर पी१६ टेस्ट (कॅन्सर एचपीव्हीमुळं झालाय का ते सांगणारी) केली का ते विचारा, एचपीव्हीवाला कॅन्सर सहसा उपचाराला चांगली साथ देतो.

आणि एचपीव्हीची लस. पोरगा असो का पोरगी, ९ ते १४ वयात दोन डोस, १५ नंतर तीन. झालेली लागण लसीनं बरी होत नाही, म्हणून लहानपणीच द्या.